एक पाय जमिनीवर

"पंखा नको, बाबा. पंखा काय, कुठलाही कॅमेरा टिपेल. कॅमेऱ्याची खरी परीक्षा धावत्या गोष्टीवर. काहीतरी धावणारं दाखवा," जावई म्हणाला.

"या घरात धावणारं काही उरलेलं नाही," कात्रीबाई मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या. "तुमचे सासरे आहेत, ते बसलेत. नळ आहे, तो ठिबकतोय. धावते ती माझी ही मशीन. तिचं काय काढायचं ते काढा आणि मला मोकळं करा. दुपारी दोन झगे द्यायचेत."

सगळी वसाहत त्यांना कात्रीबाई म्हणे. त्या कपडे शिवायच्या, हे नावाचं अर्धं कारण. उरलेलं अर्धं त्यांनी तोंड उघडलं की कळायचं. नवरा तीस वर्षं लोकांचे टीव्ही दुरुस्त करून घरी बसलेला. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पक्कड ठेवायचा, म्हणून पक्कडराव. कात्री आणि पक्कड एका छपराखाली चाळीस वर्षं नांदली. एकीनं कापायचं आणि दुसऱ्यानं मुकाट्यानं धरून ठेवायचं, ही वाटणी पहिल्या वर्षीच झाली होती.

त्या शनिवारी सकाळी टेबलावर दोन कॅमेरे समोरासमोर ठेवले होते. एक पक्कडरावांचा जुना, टेपचा. हातात मावत नाही, काखेत मावतो. दुसरा जावयाचा नवा, साबणाच्या वडीएवढा. त्यात टेप नाही, नखाएवढं कार्ड. जावई कॅमेऱ्यांच्या दुकानात विक्रीला होता, त्यामुळे घरीही समोरच्या माणसाला तो गिऱ्हाईकच समजायचा. दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या शर्यती होत्या आणि त्या कुणी कॅमेऱ्यात घ्यायच्या यावरून सासरा-जावयात आठवडाभर धुसफूस चालली होती. शेवटी ठरलं, दोन्ही कॅमेऱ्यांत एकच हलती वस्तू घ्यायची, लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावायची आणि निकाल तिसऱ्यानं द्यायचा. घरात तिसऱ्या होत्या लेक आणि कात्रीबाई. लेक म्हणाली, "एकीकडे नवरा, एकीकडे बाप. मी बाजारात चालले." आणि ती खरंच गेली.

कात्रीबाईंनी मशीन भरधाव सोडली. चाक गरगरलं, सुई दिसेनाशी झाली. दोघांनी दोन बाजूंनी चित्रण केलं. मग जावयानं लॅपटॉप लावला, पक्कडरावांनी खणातून एक काळी वायर काढून जुना कॅमेरा त्याला जोडला.

"ही वायर जपा हं बाबा," जावई हसून म्हणाला. "आता आमच्या दुकानातसुद्धा येत नाही. वस्तुसंग्रहालयात देता येईल."

आधी नव्याचं चित्र लागलं. काय ते रंग! भिंतीचा पोपडा मोजून घ्यावा, इतकं स्वच्छ. मग जुन्याचं लागलं. जरा फिकं, जरा मऊ. जावयानं मधेच ते थांबवलं आणि टाळी वाजवली. "आई, हे बघा! चाकाच्या कडेला फणीचे दात!"

खरंच, फिरत्या चाकाची कड आडव्या रेघारेघांनी चिरल्यासारखी दिसत होती.

"ते दात नाहीत," पक्कडराव शांतपणे म्हणाले. "हा कॅमेरा एका चित्रात दोन वेळा बघतो. एक ओळ आत्ताची, तिच्याखालची ओळ पापणी लवायच्या आतली पुढची. मग पुन्हा आत्ताची, पुन्हा पुढची. विणल्यासारखं. वस्तू जागेवर असली तर दोन्ही जुळतात. हलली तर दात दिसतात."

"म्हणजे एकाच्या पैशात दोन चित्रं, आणि धड एकही नाही."

"तुमच्यात काय होतं सांगू? कार्डावर जागा कमी. म्हणून तो एक चित्र नीट लिहितो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच लिहितो. फार बदललं, तर अंदाजानं ठोकून देतो. त्यात तुम्ही तो जास्तीत जास्त तास मावतील अशा खटक्यावर ठेवलाय."

"उद्या दिवसभराच्या शर्यती मावायला नकोत? आई, तुम्ही निकाल द्या. भावनेच्या आहारी जाऊ नका."

कात्रीबाईंनी चष्मा लावला आणि दोन्ही चित्रं पुन्हा बघितली. शाळा त्यांनी दुसरीत सोडली होती, पण चाळीस वर्षं पळत्या सुईवर नजर ठेवणाऱ्या बाईला शाळा काय शिकवणार! नव्या कॅमेऱ्यात मशीनचं चाक जोरात फिरू लागलं की त्याच्या आऱ्या नाहीशा होत आणि त्या जागी विटा रचल्यासारखे चौकोन दिसत. हे त्यांना लख्ख दिसलं. पक्कडराव काय म्हणाले तेही बरोबर कळलं. त्यांच्याकडे एकदा एक शिकाऊ पोरगी होती, ती पहिल्या झग्याचं माप घ्यायची आणि पुढचे दहा अंदाजानं कापायची. नवा कॅमेरा म्हणजे तीच पोरगी.

पण कपाटाचा मधला कप्पा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. त्या कप्प्यात अकरा वर्षं हा जुना कॅमेरा, त्याच्या टेपा, त्याचे चार्जर आणि त्याची धूळ पाय पसरून बसली होती, आणि कात्रीबाईंची अस्तरं पलंगाखाली पडत होती.

"नवा," त्या म्हणाल्या.

पक्कडरावांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"असं बघू नका. निकाल म्हणजे निकाल. तुमचं खोकं उद्या भंगारात. रविवारी दुपारी गाडीवाला येतोच."

जावयानं सासऱ्याचा हात हातात घेऊन असा हलवला, जसं काही त्याला दुकानातला सगळ्यात महाग कॅमेरा विकला होता. कात्रीबाईंनी त्याच संध्याकाळी भंगाराचं गाठोडं बांधलं. तुटकी इस्त्री, गंजलेली कढई, दोन बंद घड्याळं. कॅमेऱ्याची जागा वर ठेवली आणि सुतळी सापडेना म्हणून हाताला आली ती काळी वायर गाठोड्याला आवळली.

रविवारी मैदानावर वारा होता. झाडं डोलत होती, पताका फडफडत होत्या. जावई मध्यभागी तिपाई लावून उभा होता. पक्कडराव कुंपणाजवळ उभे होते, आणि त्यांच्या काखेत जुना कॅमेरा होता.

"हे काय?" कात्रीबाईंनी विचारलं.

"शेवटचं. दुपारी देतोच आहे. टेप कपाटातली पुढची हाताला आली ती घातलीये."

पंचावन्नच्या वरच्या बायकांची जलद चालण्याची शर्यत होती. मैदानाला दोन फेऱ्या. नियम एकच. कितीही भरभर चाला, पण एक पाय सतत जमिनीला हवा. दोन्ही पाय उचलले की ते धावणं, आणि धावलं की बाद. हा नियम सगळ्यांना समजावून सांगण्याचं काम ड्रिलच्या बाईंनी आपणहून घेतलं होतं. त्यांनी बत्तीस वर्षं शाळेत मुलांना कवायत शिकवली होती आणि गेली चार वर्षं ही शर्यत त्याच जिंकत होत्या. सभागृहातल्या लाकडी फळीवर त्यांचं नाव चारदा रंगवलेलं होतं.

कात्रीबाईंनी कधी भाग घेतला नव्हता. या वर्षी घेतला, कारण ड्रिलच्या बाई झगा आखूड झाला म्हणून भांडायला आल्या तेव्हा जाता जाता म्हणाल्या होत्या, "बसून काम करणाऱ्यांचं हे असंच. हातही आखूड, पायही." बोलताना माणसानं पुढचं बघावं. गिऱ्हाइकांच्या घरी मापं घ्यायला चाळीस वर्षं पायी जाणाऱ्या बाईला चालणं शिकवायला निघाल्या!

शिट्टी वाजली. पहिल्या फेरीत ड्रिलच्या बाई पुढे. दुसऱ्या फेरीत, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर, स्वतः शिवलेल्या सैल विजारीतून कात्रीबाईंचे पाय असे चालायला लागले की बघणाऱ्यांना मशीनची सुईच आठवली. टक टक टक टक. त्या चार पावलं पुढे निघाल्या आणि तशाच दोरीला जाऊन थडकल्या.

टाळ्या पडत होत्या, तोच मागून आवाज आला. "धावल्या! वळणावर धावल्या! दोन्ही पाय हवेत होते!"

पंच होते वसाहतीचे सेक्रेटरी. नेमकी त्या वेळी वाऱ्यानं त्यांची टोपी उडाली होती आणि ते तिच्या मागे गेले होते. "मी... म्हणजे माझं लक्ष..."

"तुमची टोपी धावली एवढंच तुम्ही पाहिलंत," कात्रीबाई म्हणाल्या. "कशाला वाद? जावईबापूंचा नवा कॅमेरा आहे ना! भिंतीचा पोपडा दाखवतो. माझे पाय नाही दाखवणार?"

जावई छाती काढून लॅपटॉप घेऊन आला. सगळे भोवती जमले. वळण आलं. जावयानं चित्र थांबवलं.

चित्रात कात्रीबाईंचा चेहरा होता. बरा होता. कमरेपर्यंत बाईही होती. त्याखाली डोलणारी झाडं, फडफडणाऱ्या पताका आणि पळती माती यांच्या गडबडीत कॅमेऱ्यानं हात टेकले होते. गुडघ्याखाली नुसते राखाडी चौकोन. चौकोनांच्या खाली मातीचा पट्टा. मधे पाय नव्हतेच.

"बघा!" ड्रिलच्या बाई ओरडल्या. "जमिनीला काही लागलंय का? एक तरी?"

"अहो, पण हवेतही काही नाही," सेक्रेटरी पुटपुटले.

"मागे घ्या! पुढे घ्या!" कात्रीबाई म्हणाल्या. जावयानं मागे घेतलं, पुढे घेतलं. चौकोन पांगले, पुन्हा गोळा झाले. भुतासारखी कात्रीबाई मैदानावरून तरंगत गेली.

गर्दीत कुणीतरी हळूच म्हणालं, "चालण्यात असं करतात, तर उरलेल्या कापडाचं काय करत असतील?"

लोक हसले. कात्रीबाई हसल्या नाहीत. चाळीस वर्षांत त्यांनी शिव्या दिल्या होत्या, झगे उशिरा दिले होते, गिऱ्हाइकांच्या तोंडावर त्यांच्या पोटाचा घेर मोठ्यानं वाचला होता. पण कुणाच्या कापडाची चिंधीसुद्धा ठेवून घेतली नव्हती. उरलेला तुकडा त्या झग्याच्या खिशात घालून परत द्यायच्या. आणि आज मैदानभर लोक हसले. त्यांचा चेहरा असा झाला की जावयानं लॅपटॉप मिटला.

"पाच वाजता सभागृहात निकाल," सेक्रेटरी म्हणाले. "तोवर दुसरा पुरावा असेल तर आणा. नाहीतर पहिला नंबर बाईंचा, आणि कात्रीबाई... म्हणजे नियमाप्रमाणे... बाद. फळीवर नाव आजच रंगवायचंय, रंगारी बसलाय."

कात्रीबाई घरी आल्या तेव्हा पक्कडराव चहा ढवळत बसले होते.

"अहो."

"हं."

"तुमच्या त्या खोक्यात आलंय का हो वळण?"

"आलं असावं. मी कुंपणाला होतो, वळणाच्या अगदी समोर."

"मग बसलात काय! आणा तो इकडे!"

पक्कडरावांनी चहाचा घोट घेतला. "तू निकाल दिलास. मी मानला. आल्या आल्या टेपेसकट गाठोड्यात ठेवला. गाडीवाला आत्ताच गेला. गाठोडं तुझ्या लेकीनंच उचलून दिलं."

कात्रीबाईंनी खिडकीतून पाहिलं. गल्लीच्या टोकाला भंगाराची हातगाडी वळत होती.

मग मात्र त्या धावल्या. जिन्यावरून दोन दोन पायऱ्या सोडत, चपला हातात घेऊन, दोन्ही पाय हवेत आणि तोंडानं "ए गाडीवाले! ए थांब मेल्या!" करत त्या अशा धावल्या की कुत्री रस्त्यातून बाजूला झाली. वरच्या मजल्यावर गॅलरीत ड्रिलच्या बाई पाय शेकत बसल्या होत्या. त्या उठून उभ्याच राहिल्या. "पाहिलंत? पाहिलंत का सगळ्यांनी? अशीच धावते ही! मी म्हटलं नव्हतं?"

गाडीवाल्यानं गाठोडं सोडून इस्त्री एका ढिगात, कढई दुसऱ्या ढिगात टाकली होती. कॅमेरा त्याच्या मांडीवर होता. काळ्या वायरीनं त्यानं गाडीची फाटकी ताडपत्री बांधून टाकली होती.

"आजी, दिलेलं परत नाही मिळत. आमच्या धंद्यात बसत नाही ते."

"तुझ्या धंद्यात फाटकी ताडपत्री बसते का? पावसात सगळा माल भिजत असेल. दे इकडे कॅमेरा आणि ती वायर. ताडपत्री उद्या सकाळी घेऊन ये, दुहेरी टाका घालून देते. बापजन्मात उसवणार नाही."

गाडीवाल्यानं ताडपत्रीकडे पाहिलं, मग कात्रीबाईंकडे, आणि वायर सोडायला लागला. धंदा त्यालाही कळत होता.

पाच वाजता सभागृह भरलं. पडदे ओढून अंधार केला होता. भिंतीसमोर दोरीवर एक पांढरी चादर टांगली होती आणि जावयाच्या लॅपटॉपला जोडलेल्या प्रोजेक्टरमधून चित्र तिच्यावर पडत होतं. सकाळपासून जावयाला दोन घास गेले नव्हते. विक्रीवाल्याची वस्तू सासूच्याच पायांवर फसली, याहून वाईट काय!

पक्कडरावांनी वायर जोडली. चित्र आलं. जरा फिकं, जरा मऊ. पण कात्रीबाईंना पाय होते. गडबड, झाडं, पताका, सगळं होतं आणि पायही होते. लोकांत कुजबुज झाली. वळणावर जावयानं चित्र थांबवलं आणि पाय मोठे करत करत चादरभर केले.

आणि पुन्हा घोटाळा झाला. दोन्ही बूट फणीच्या दातांनी चिरलेले होते. पुढची टाच जमिनीला लागलेली दिसे आणि न लागलेलीही दिसे. मागचा चवडा उचललेला दिसे आणि टेकलेलाही.

"हे तर त्याहून वाईट!" ड्रिलच्या बाई म्हणाल्या. "सकाळी पाय नव्हते, आता चार झाले! अहो, कॅमेरा मोडका आहे. आणि पुराव्याची गरजच काय? दुपारी अख्ख्या गल्लीनं यांना धावताना पाहिलंय."

"पाहिलंत ना?" कात्रीबाई उठल्या. "दोन्ही डोळ्यांनी?"

"दोन्ही डोळ्यांनी!"

"बरं झालं. म्हणजे मी धावते तेव्हा कशी दिसते ते तुम्हाला पक्कं माहीत झालं. आता चालते तेव्हा कशी दिसते ते बघा. अहो, शनिवारी काय सांगत होतात? एक ओळ आत्ताची आणि तिच्याखालची पुढची?"

"एक सोडून एक," पक्कडराव म्हणाले. "विणल्यासारखं."

"मग विणलेलं उसवायला अवघड ते काय! एक धागा सोडून एक झाका, खालचं कापड आपोआप दिसतं."

त्यांनी गळ्यातली फीत काढली आणि चादरीवरच्या बुटाच्या एका रेघेला लावली. बरोबर एक इंच. मग पिशवीतून काळ्या अस्तराचा तुकडा काढला, कात्री काढली आणि सगळ्यांसमोर एकेक इंचाच्या पट्ट्या कापायला लागल्या. हात असा चालत होता की रेघ आखायची गरज नव्हती. अठरा पट्ट्या झाल्या. टाचण्या दातांत धरून त्यांनी एक रेघ झाकली, एक उघडी ठेवली, एक झाकली, एक उघडी ठेवली. सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. एक पडलीही, आणि ऐकू आली.

त्या बाजूला झाल्या.

चादरीवरचे दात गेले होते. काळ्या पट्ट्यांच्या फटींतून एकच चित्र दिसत होतं. पुढचा पाय हवेत, टाच जमिनीपासून दोन बोटं वर. आणि मागचा चवडा मातीत घट्ट रुतलेला.

"एक पाय जमिनीवर," सेक्रेटरी म्हणाले.

"हे आत्ताचं. आता पुढचं. जावईबापू, तुम्ही ते टोक धरा. अहो, तुम्ही हे. चादर एक इंच खाली. इंच म्हणजे इंच, अंदाज नको. अंदाजानं काय होतं ते सकाळी पाहिलंय."

सासऱ्या-जावयानं दोन टोकांनी चादर इंचभर खाली घेतली. पट्ट्या सरकल्या. झाकलेल्या ओळी उघडल्या, उघड्या होत्या त्या झाकल्या. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चादरीवर पाऊल पडलं. पुढची टाच जमिनीला टेकली, आणि मागचा चवडा आत्ता कुठे सुटला होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "पुन्हा! पुन्हा वर घ्या!" चादर वर गेली, खाली आली, वर गेली, खाली आली, आणि सभागृहातल्या चादरीवर कात्रीबाई चालायला लागल्या. टक, टक. सेक्रेटरींनी आणखी सहा चित्रं मागितली. सहाही वेळा चादर वर-खाली झाली. सहाही वेळा एक ना एक पाय जमिनीला.

"या दोन ओळींच्या मधल्या वेळेत काय झालं, ते कुठे दिसतंय?" ड्रिलच्या बाई म्हणाल्या. पण आवाज आता कवायतीचा राहिला नव्हता.

"पापणी लवायच्या आत मी उडून परत खाली आले असेन, तर बाई, मला शर्यतीत नाही, सर्कशीत घ्या."

हशा झाला. सकाळी हसलेलेच लोक हसले, पण आता हसणं कात्रीबाईंच्या बाजूनं होतं.

सेक्रेटरी उठून उभे राहत होते. कात्रीबाईंनी त्यांना हातानं खाली बसवलं. "थांबा. पट्ट्या लावल्यातच, तर वाया कशाला घालवायच्या! जावईबापू, माझ्या मागे चार पावलांवर कोण आहे, तेही जरा मोठं करा."

मागे कोण होतं ते सगळ्यांना माहीत होतं. चादरीवर पांढरे कवायतीचे बूट आले. पहिल्या खेपेला दोन्ही हवेत. चादर इंचभर खाली. दोन्ही हवेत. पुढचं चित्र. दोन्ही हवेत. बाई कात्रीबाईंना गाठायला वळणावर चक्क धावल्या होत्या. बत्तीस वर्षं मुलांना ज्यांनी "एक दोन, एक दोन" शिकवलं, त्यांच्या पायांनी एक आणि दोन एकदमच म्हटलं होतं.

ड्रिलच्या बाई पर्सचा बंद उघडत-लावत होत्या. उघड, लाव. उघड, लाव. कात्रीबाईंनी एक-एक करत टाचण्या काढल्या, पट्ट्यांची घडी घातली.

"सेक्रेटरी," त्या म्हणाल्या, "दुसरा नंबर बाईंचा राहू द्या. वारा होता. तुमची टोपी उडाली, त्याही जरा उडाल्या. आणि बाई, तुमचा झगा उद्या पाठवा. तीन बोटं लांब करून देते. खिशात तुमचं उरलेलं कापड आहे. कधी हात घालून बघितलं नसेल."

ड्रिलच्या बाईंनी मान हलवली. रंगारी ब्रश बुडवत होता, त्याला सेक्रेटरींनी कात्रीबाईंचं नाव सांगितलं. कात्रीबाई म्हणाल्या, "जरा ठळक काढ. घाईघाईत जाणाऱ्यालाही दिसलं पाहिजे."

आणि तेवढ्यात चादरीवर काहीतरी हललं. चित्र बंद करायला सगळेच विसरले होते. थांबवलेलं चित्र जावयानं पुन्हा सोडलं होतं आणि टेप आपली पुढे चालली होती. शर्यत संपली, एक कर्रकन् रेघ गेली आणि अचानक फुलांच्या माळा दिसल्या. सजवलेलं दार दिसलं. नटलेली नवरी दिसली. ती कात्रीबाईंची लेक होती. सासरी निघाली होती आणि छान हसत होती. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून एक माणूस हमसाहमशी रडत होता. नाक लाल, मोठा रुमाल, खांदे गदगदतायत. नवरी त्याच्या पाठीवर थोपटत होती, "उगी हं, उगी."

तो नवरदेव होता.

सहा वर्षं जावई सगळ्यांना सांगत आला होता की पाठवणीच्या वेळी सासरा इतका रडला, की त्यालाच आवरावं लागलं. ती टेप सापडत नाही, म्हणून तो हळहळतही असे. पक्कडरावांनी सकाळी हाताला आली म्हणून घातली ती हीच. शर्यतीखाली पुसलं गेलं होतं ते जावयाच्या काकांचं अर्ध्या तासाचं भाषण, त्यामुळे त्याबद्दल कुणालाच वाईट वाटलं नाही. काकांचीही सुटका झाली आणि लोकांचीही.

सभागृह इतकं हसलं, की रंगाऱ्याचा हात हलला आणि कात्रीबाईंचं नाव आणखीच ठळक झालं. पक्कडराव हसले नाहीत. त्यांनी फक्त खिशातून रुमाल काढून जावयापुढे धरला.

त्या संध्याकाळी कपाटातला मधला कप्पा पुसला गेला. अस्तरं पलंगाखालीच राहिली. कप्प्यात जुना कॅमेरा ठेवला गेला, त्याच्या बाजूला टेपा, आणि वायर स्वतः कात्रीबाईंनी कापडाच्या पिशवीत घालून खिळ्याला लावली. पिशवीवर त्यांनी लाल दोऱ्यानं भरतकाम केलं, एक पाऊल.

जावई दारात घुटमळत होता. "आई," तो हळूच म्हणाला, "ते टेपेतलं... माझं तेवढं... पुसता नाही का येणार?"

"पुसायचं कशाला?" कात्रीबाई म्हणाल्या. "तुमच्या नव्या कॅमेऱ्यानं पुन्हा एकदा चित्रण करून घ्या. तुम्ही खुशाल हमसून हमसून रडा. त्यात जे हलतं, ते दिसत नाही."